सोनेरी डब्यातली कॉफी

दुपारी सासरे घोरायला लागले की सूनबाई कामाला लागायची. आधी त्यांचं घोरणं वरवरचं असे, चमचा पडला तरी तुटेल असं. मग ते खोलात जाई, तळमजल्यावरची पाण्याची मोटर चालू व्हावी तसं. मोटर चालू झाली की ती ओट्याखालच्या पिंपामागून कागदी पुडा काढी, फळीवरचा सोनेरी डबा उतरवी आणि पुड्यातली स्वस्तातली, निम्मी चिकोरी घातलेली कॉफी डब्यात ओती. डबा तिरका धरला की आवाज होत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं. रिकामा पुडा आपल्या कचऱ्यात टाकायचा नाही, जिन्यापलीकडच्या शिवणकामवाल्या काकूंच्या बादलीत टाकायचा. चोरांनी एवढी खबरदारी घेतली असती तर तुरुंग ओस पडले असते.

नवरा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. खोक्यांना मागणी राहिली नाही तेव्हा मालकाने कोणालाच काढलं नाही, सगळ्यांना निम्मा आठवडा काम आणि निम्मा पगार दिला. मालक दयाळू असल्यामुळे त्याला शिव्या घालण्याचीही सोय उरली नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याने बूट काढायच्या आधीच तिला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "बाबांना कळता कामा नये."

का, ते तिला विचारावं लागलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कारखाना काही दिवस बंद पडला होता. तेव्हा सासऱ्यांनी जाहीर केलं की आपल्याला हल्ली रात्रीचं पचत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुपारचंही कमी पचायला लागलं, आणि एके सकाळी ते जिन्यात घेरी येऊन पडले तेव्हा उलगडा झाला की म्हाताऱ्याचं पचन उत्तम होतं, फक्त मुलाचा खर्च पचत नव्हता. आता तर हिवाळ्यातल्या तापाने ते निम्मे झाले होते. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं होतं की औषधं आपली नावाला, यांना चांगलंचुंगलं पोटात गेलं पाहिजे. या वयात खाणं सुटलं की माणूस हाती लागत नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. बाबांचं ताट रिकामं झालं पाहिजे. आणि पाकीट रिकामं होता कामा नये.

दुसऱ्या कोणाचे सासरे असते तर हे सोपं गेलं असतं. हे मात्र बिस्किटांच्या कारखान्यात चव पारखायच्या नोकरीत जन्म घालवून निवृत्त झालेले. अख्खी गल्ली त्यांना मागे 'जीभवाले' म्हणायची, आणि तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. पीठ रॉकेलच्या पिंपाशेजारी ठेवलं होतं हे त्यांनी भाजलेल्या बिस्किटावरून ओळखलं होतं, अशी त्यांची ख्याती. अशा माणसाच्या गळी चिकोरी उतरवायची म्हणजे कुलूपवाल्याच्या घराला खेळण्यातलं कुलूप लावण्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी तिने डब्यात एकच चमचा भेसळ केली आणि कप पुढे ठेवून पडद्यामागे उभी राहिली. सासऱ्यांनी आधी फळीवरच्या सोनेरी डब्याकडे पाहिलं. मग घोट घेतला, डोळे मिटले, गालातल्या गालात फिरवला.

"हं," ते म्हणाले. "हीच ती."

तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात अर्धी भेसळ झाली, आणि महिना सरताना डब्यात डबा सोडून काहीच अस्सल उरलं नाही. प्रत्येक वेळी डोळे मिटत, गाल हलत आणि निकाल येई, हीच ती. मग तिची भीड चेपली. लोण्याच्या निळ्या खोक्यात स्वस्तातलं मार्गारीन गेलं. मधाच्या बाटलीत साखरेचा पाक गेला. बिस्किटांच्या डब्यात दुकानदार तळाचा चुरा म्हणून विकतो तो गेला. हा चुरा दुधात घालून खायची फॅशन आहे असं तिने सांगितलं. फ्लॉवरचे दांडे आणि कोबीची बाहेरची पानं यांचं तिने जे काही उकळलं त्याला तिने मशरूमचं सूप असं नाव दिलं, आणि जीभवाल्यांनी दोन वाट्या संपवून मशरूम ताजे आहेत म्हणून शेरा दिला.

खरं सांगायचं तर तिला थोडा गर्वही चढला. आपल्या हाताला अशी चव आली तरी कधी, असा प्रश्न तिला पडे. उत्तर सोयीचं होतं म्हणून तिने प्रश्न फार ताणला नाही. नवरा तेच सूप औषधासारखं नाक धरून पिई, पण त्याला चवीतलं काय कळतंय. कारखान्याच्या सुटीच्या दिवशीही तो डबा घेऊन बाहेर पडायचा आणि वाचनालयात जुनी मासिकं वाचत बसायचा. त्या मासिकांतल्या पाककृती वाचून तो अधिकच उदास होऊन घरी यायचा.

फक्त एक गोष्ट तिच्या बारीक नजरेतून सुटली नव्हती, पण तिचा अर्थ मात्र सुटला. घास तोंडात घालण्याआधी सासरे हल्ली न चुकता विचारायचे, आज काय केलंयस? आणि पहिला घास चिमणीला द्यायचे. चिमणी म्हणजे तिची मुलगी, वय शाळेत जायला एक वर्ष कमी आणि जीभ वकिली करायला दोन वर्षं जास्त. आजोबा तिला आपली विद्या देतायत असं घरात ठरलं होतं.

"सांग बघू, कसं लागतंय?"

"ओल्या खोक्यासारखं," चिमणी सांगायची.

आजोबा गंभीरपणे मान डोलवायचे, विचारायचे की कोरडं खोकं कधी खाल्लंयस का, आणि मग ताट साफ करायचे. सूनबाई मुलीकडे डोळे वटारून बघायची. पोरीच्या जिभेला हाड नाही, तिला वाटायचं. एक दिवस ही घर बुडवणार.

घर बुडवायला मात्र चिमणीची गरज पडली नाही. त्या कामी तिची आईच पुरेशी होती.

इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी होती. बेकरीवाल्याला डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हापासून तो स्वतःचा माल स्वतः चाखू शकत नव्हता. बायकोला चाखायला सांगावं तर तिच्या दाढा दुखत, आणि शिवाय त्या दोघांचं आठवड्यातले निम्मे दिवस बोलणं बंद असे. एका सकाळी तो वर आला. काकांनी रोज सकाळी खाली येऊन भट्टीतून घाणा निघाला की त्यातलं पहिलं बिस्कीट चाखावं, एवढीच विनंती होती. पैशांचं काही जमणार नाही, पण रोजचे पाव आणि अंडी घरपोच मिळतील.

सासऱ्यांचा चेहरा पडला. निवृत्त माणसाला असली कामं शोभत नाहीत, असं काहीतरी ते पुटपुटले. पण सुनेच्या कानात पाव आणि अंडी एवढे दोनच शब्द शिरले होते आणि बाकीच्यांना जागा नव्हती.

"जा ना बाबा," ती म्हणाली. "तुमच्यासारखी जीभ आहे कोणाकडे?"

ते तिच्याकडे बघत राहिले. ती नजर तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिली. मग ते म्हणाले की जाईन, पण चिमणीला बरोबर नेईन. शिकेल जरा.

आजोबा-नात रोज सकाळी हात धरून खाली जाऊ लागले. चिमणी पहिला तुकडा खाई, आजोबांच्या कानात काहीतरी सांगे, आजोबा डोळे मिटून दुसरा तुकडा खात आणि निकाल देत. लोणी कमी. भट्टी तापली नाही. आज उत्तम. बेकरीवाला थक्क. गिऱ्हाईक वाढलं, आणि काकांच्या भरवशावर बेकरीत इतर सगळ्यांनी चाखणं सोडून दिलं. वर घरात ताजे पाव येऊ लागले, अंडी येऊ लागली. सुनेने मशरूमच्या सुपात एकदा खरी अंडी फोडून घातली आणि ते बघून नवऱ्याचे डोळे भरून आले. घरातल्या कोणालाच बरेच दिवस कसली काळजी वाटली नाही. सूनबाईला त्याचीच तेवढी काळजी वाटू लागली.

मग चिमणीला सर्दी झाली. नाक चोंदलं, अंग कोमट लागलं. आईने तिला पांघरुणात गुंडाळलं आणि आज कुठे जायचं नाही म्हणून सांगितलं. सासरे काठी घेऊन दारात उभे होते.

"तिला पाच मिनिटं नेतो आणि आणतो."

"बाबा, खाली भट्टीची धग आणि वर गार वारा. आणखी आजारी पडेल ती."

"मग आज राहू दे. मीही नाही जात."

तिने आठवण करून दिली की आजच मोठी ऑर्डर आहे. पाणीपुरवठा खात्यातले मोठे साहेब निवृत्त होत होते आणि त्यांच्या निरोपाच्या चहापानाची बिस्किटं बेकरीत भाजली जात होती. आज नाही गेलात तर त्याला काय वाटेल, असं ती म्हणाली. पावांना काय वाटेल, असं तिला म्हणायचं होतं. सासरे दारात बराच वेळ काठीची मूठ चोळत उभे राहिले. मग एकेक पायरी मोजावी तसे खाली गेले आणि लवकरच परत आले. आज उत्तम, असं त्यांनी सांगितल्याचं तिला कळलं. मग ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजून राहिले.

त्या दिवशी बेकरीवाला आणि बेकरीवाली यांचं बोलणं बंद होतं. पिठात मीठ त्याने घातलं. मग तो भट्टीकडे गेल्यावर तिने घातलं, कारण घातलंस का असं विचारायचं म्हणजे आधी बोलावं लागलं असतं. मग त्याला वाटलं की आज आपल्या मनाची अवस्था बघता आपण मीठ विसरलोच असणार. म्हणून त्याने पुन्हा घातलं.

समारंभात पहिलं बिस्कीट निवृत्त होणाऱ्या साहेबांना देण्यात आलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरारलं, ओठ थरथरले, बोलता येईना. सभागृह हेलावलं. एवढा कडक माणूस, पण खात्यावर किती जीव, असं लोक कुजबुजले. मग लोकांनी स्वतः बिस्किटं तोंडात घातली आणि त्यांचेही डोळे भरून आले. माल जीभवाल्यांनी पास केला आहे हे बेकरीवाल्याने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जो तो आपलीच जीभ बिघडली असं समजून गप्प बसला. मात्र भाषणं संपायच्या आत पाणीपुरवठा खात्यातलं प्यायचं पाणी संपलं.

संध्याकाळी बेकरीवाला परत आलेल्या बिस्किटांची भली मोठी टोपली घेऊन वर आला आणि ती जेवणाच्या टेबलावर आपटली. नवरा नुकताच वाचनालयातून आला होता. चिमणी पांघरुणात शिंकत होती. सासरे खुर्चीत होते.

"काका, एक खा," बेकरीवाला म्हणाला. "माझ्यासमोर खा."

सासऱ्यांनी बिस्कीट उचललं, तोंडात घातलं, शांतपणे चावलं, गिळलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

बेकरीवाला आला होता भांडायला, पण ते बघून तो भांडण विसरला. "वहिनी," तो सुनेला म्हणाला, "काकांच्या जिभेला काय झालंय? उद्यापासून पाव येणार नाहीत. मला माफ करा, पण तुम्ही आधी यांना डॉक्टरकडे न्या." आणि तो टोपली तिथेच टाकून गेला.

पावांचं सूनबाईच्या कानात शिरलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढून एकेक डबा सरकू लागला. सोनेरी, निळा, मधाची बाटली. एवढ्या मोठ्या कारखान्याने जन्मभर सांभाळलेली जीभ आपण एका ऋतूत चिकोरी घालून मारली, याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही. ती सांगत सुटली. कॉफी सांगितली, मार्गारीन सांगितलं, फ्लॉवरचे दांडे सांगितले, काकूंची बादलीसुद्धा सांगितली. नवरा मागून हातवारे करत होता, पण ती थांबेना, आणि त्याच ओघात निम्मा आठवडा आणि निम्मा पगारही बाहेर पडला. जे लपवण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच टेबलावर त्या टोपलीशेजारी येऊन बसलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि खुर्ची ओढली.

"माझ्यामुळे गेली तुमची जीभ," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कशाला," सासरे म्हणाले. "ती तापातच गेली. तुझी चिकोरी यायच्या कितीतरी आधी."

खोलीत फक्त चिमणीचं नाक वाजत होतं.

ते हळूहळू बोलले. ताप उतरला त्या सकाळी पहिला घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. पाव खाल्ला तर कापूस. येईल परत म्हणून वाट बघितली, आली नाही. सांगायचं कोणाला? सांगितलं असतं तर डॉक्टर आले असते, तपासण्या आल्या असत्या, आणि जीभवाल्याची जीभ गेली ही बातमी गल्लीभर झाली असती. चव नाही म्हटल्यावर भूकही जाते. पण डबा ओळखीचा असला, पदार्थाचं नाव कळलं, की पूर्वीची चव आठवून आठवून घास खाली ढकलता येतो.

"म्हणून विचारायचो, आज काय केलंयस."

"आणि पगाराचं?" नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"पोरगी म्हणाली, कॉफीला राखेचा वास येतो. एकदा नाही, रोज. ही कंजूष नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे तुझं काहीतरी झालंय. मग तुझे हात बघितले. डिंकात काम करणाऱ्याची नखं एवढी स्वच्छ नसतात रे. आणि चिमणी म्हणते, तुझ्या सदऱ्याला जुन्या मासिकांचा वास येतो. वाचनालयात पंखा तरी बरा आहे का?"

नवऱ्याने खाली बघून मान डोलावली. बरा होता.

"मग बोलला का नाहीत?" सुनेने विचारलं.

"तू एवढं जिवापाड लपवत होतीस. मला वाटलं, त्यात तुला आधार वाटतोय. आणि बोललो असतो तर तू माझ्या एकट्यासाठी परत महाग आणलं असतंस. माझ्या तोंडात महाग काय नि स्वस्त काय, दोन्ही कापूसच."

सूनबाईला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिने टोपली आवरायला घेतली. दिवसचे दिवस श्वास रोखून, डबा तिरका धरून, मोटरचं घोरणं ऐकत तिने ज्या जिभेला फसवलं होतं, ती जीभ जागेवरच नव्हती. आणि ज्या माणसापासून लपवलं होतं, त्याला सगळं ठाऊक होतं. रिकाम्या घराला तिने पहारा दिला होता.

एक मात्र झालं. आता लपवायचं काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सोनेरी डबा धुऊन फळीवर पालथा पडला. कागदी पुडा राजरोस टेबलावर आला. बाबांनी विचारलं, आज काय केलंयस, तेव्हा तिने खरं ते सांगितलं. फ्लॉवरचे दांडे, बाबा. कोबीची पानं. वरून बेकरीची बिस्किटं चुरून घातलीयत, म्हणजे मीठ वेगळं लागत नाही. ती बिस्किटं टाकून द्यायचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. त्यांच्यामुळे घरातलं मीठ पुढे कितीतरी दिवस पुरणार होतं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय ते त्या घराला तेव्हा कळलं.

घरात आता खरेपणा होता, आणि कोणाच्याच पोटात काही राहत नव्हतं. विशेषतः बाबांच्या. चमचा सुपात फिरायचा आणि तसाच बाजूला व्हायचा. "दांडे म्हणजे कसे लागत असतील, मला आठवतच नाही," ते क्षमा मागितल्यासारखं म्हणायचे. "मी आयुष्यात कधी खाल्लेच नाहीत ना." कॉफीचा कप अर्धा परत यायचा, मग पाऊण. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. ती रोज पाहत होती, आणि ताटात उरलेले घास मोजत होती. खरं बोलणं हे सगळ्यात महाग पडत होतं.

आठवड्याने एका सकाळी ती उठली, स्टूल ओढून फळीवरचा सोनेरी डबा काढला, पुसला आणि टेबलावर आणून ठेवला. सासरे समोरच बसले होते, टक्क जागे. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने कागदी पुडा फाडला आणि डबा तिरका न धरता, चांगला खळखळ आवाज करत, चिकोरी डब्यात ओतली. झाकण घट्ट लावलं. परत उघडलं. चमचा भरून कॉफी केली आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

सासऱ्यांनी डब्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, गालातल्या गालात फिरवला.

"हं," ते म्हणाले. "हीच ती."

कप रिकामा झाला. चिमणीचं नाक मोकळं झालं होतं. तिने बशीत सांडलेला थेंब बोटाने चाटला आणि तोंड वाकडं केलं. राख, असं ती म्हणणार तोच आईने तिच्याकडे बघितलं. वटारून नव्हे, तर विनवणी केल्यासारखं. चिमणीने थोडा विचार केला.

"सोनेरी लागते," ती म्हणाली.

आजोबांनी मान डोलावली आणि सुनेकडे वळले.

"दुपारी काय करणार आहेस?"

"मशरूमचं सूप," ती म्हणाली आणि कोबीची पानं धुवायला घेतली.